चिंचेने घासलेली बंदूक

दि. १४/११/२०२५

मी, वनमाला भ्र. मोहनराव काकडे, वय ६६ वर्षे, व्यवसाय शेती व घरकाम, रा. उमापूर, ता. गेवराई, जि. बीड. ठाण्यात समक्ष विचारल्यावरून माझा जबाब सांगते तो असा की,

मी वरील ठिकाणी पती मोहनराव, वय ७३, यांच्यासह राहते. मुलगी सत्यशीला सासरी आष्टीला असते. पतीच्या नावे पीक संरक्षणासाठी १९८८ सालापासून बारा बोअरच्या दुनळी बंदुकीचा परवाना आहे. तिचा बार रानडुकरांवर दोन-तीनदा काढला. डुकराला एकदाही लागला नाही.

बंदुकीच्या नळ्या निळसर काळ्या होत्या. तो वरून लावलेला रंग नसून लोखंडावर चढवलेले पाणी आहे, ते गेले की लोखंड उघडे पडून गंजते, असे पती सांगत. दर अमावास्या-पुनवेला ते बंदूक काढीत, जुन्या धोतराच्या कोरड्या फडक्याने पुसत, शिलाई मशीनचे तेल लावीत आणि शेवटी न धुतलेल्या लोकरीचा बोळा फिरवीत. लोकर गावातील मेंढपाळ धुळाजी देत असे. तिच्यात मेंढीच्या अंगचा तेलकटपणा असतो, तो लोखंडाला ओल लागू देत नाही. घरभर वास सुटे. नळीला घामाचा हात ते कोणाला लावू देत नसत. चामड्याची पिशवी ओल धरते म्हणून साध्या कापडात गुंडाळून ठेवीत. "माझ्या डोक्याला कधी एवढं तेल लावलं न्हाई तुमी," असे मी म्हणत असे. ते हसत आणि पुसत राहत.

श्रावणात पतीला लकव्याचा झटका आला. उजवे अंग गेले व वाचा गेली. तेव्हापासून ते डाव्या हाताने सारखे कपाटाकडे दाखवीत. मी शाल काढून दिली, दवाखान्याची चिठ्ठी दिली, परवान्याचे पुस्तकही दिले. त्यांनी सगळे बाजूला सारले. बंदूक पुसायची राहिली आहे, हे माझ्या ध्यानात आले नाही. त्याचे मला फार वाईट वाटते.

खंडेनवमीला पूजेसाठी मी बंदूक काढली, तेव्हा नळ्यांवर तांबडे ठिपके पडले होते. समई, तांब्या घासते तशी चिंच व राख लावून तारेच्या घासणीने मी ती दोन तास घासली, धुतली व उन्हात वाळवली. नळ्या चांदीसारख्या पांढऱ्या निघाल्या. हळदकुंकू वाहून मी ती पतीच्या खाटेजवळ नेली. त्यांनी नळीवरून डावा अंगठा फिरवला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. मला वाटले, आनंदाने आले. मी शेजारच्या चतुराबाईंनाही बोलावून बंदूक दाखवली.

निवडणुकीच्या आचारसंहितेमुळे हत्यारे जमा करण्याची नोटीस आली. दि. ११ रोजी हवालदार बंकट साळवे यांनी घरी येऊन बंदूक ताब्यात घेतली व मी त्यांच्यासोबत ठाण्यात आले. ठाण्याच्या नोंदीत नळ्या निळसर काळ्या लिहिल्या होत्या आणि आणलेल्या पांढऱ्या, त्यावर पुन्हा गंज चढू लागलेला. बाहेरचा नंबरही झिजून अर्धाच दिसत होता. त्यावरून, खरी बंदूक विकून ही दुसरीच आणली काय, असे ठाण्याच्या साहेबांनी विचारले. पतीवर गुन्हा दाखल होऊ शकतो असेही सांगितले. पतीला बोलता येत नाही, म्हणून मी सांगते की, त्यांनी बंदूक विकली नाही व बदलली नाही. "त्यांनी जपली साहेब, घासली मी. काय लिवायचं ते माझ्या नावावर लिवा," असे मी साहेबांना म्हणाले.

आज बीडहून आलेल्या बंदूक दुरुस्तीच्या मिस्त्रींनी माझ्यासमोर बंदूक उघडून नळ्यांखालचे लाकूड काढले. तिथे माझी घासणी पोचली नव्हती. दोन बोटे रुंदीचा पट्टा अजून निळा होता व त्यावर पूर्ण नंबर होता. तो परवान्याशी जुळला. सदतीस वर्षे बंदूक घरात असून तो रंग मी आज पहिल्यांदा नीट पाहिला. गेलेले पाणी पुन्हा चढवता येते, पण पहिल्यासारखे बसत नाही, असे मिस्त्री म्हणाले.

साहेबांनी त्या पट्ट्याचा मोबाईलवर फोटो काढला आहे. तो मला मिळावा, पतीला दाखवायचा आहे. बंदूक ठाण्यात असेपर्यंत तिला उघड्या हाताने धरू नये व महिन्यातून दोनदा पुसावी. लोकर मी आणून देईन.

हा जबाब तो लिहून घेणाऱ्या जमादारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच लिहिलेला आहे. मात्र एके ठिकाणी 'हलगर्जीपणाने घासली' असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले. हलगर्जीपणाने मी घासली नव्हती. खोडलेल्या जागी माझी सही आहे.