सायलीचा लवकरचा अर्ज

आमच्या सायलीच्या अ‍ॅडमिशनचं सांगतो. तिला परदेशातल्या एका नामांकित विद्यापीठात शिकायचं होतं. दहिवलीच्या घरी ती आम्हाला समजावत होती, "लवकर अर्ज केला तर चान्स वाढतो. पण निवड झाली की जावंच लागतं, बाकीचे अर्ज मागे घ्यायचे."

तिच्या आईनं विचारलं, "आनि त्यांनी नाय म्हटलं तर?"

"त्यांना चालतं."

"म्हंजे मुलाकडचीच मानसं हायत ती!"

सायली हसली, पण विचारात पडली. शेवटी तिनं सगळ्यांबरोबर, उशिराच, पण जायचं बंधन नसलेला अर्ज केला. चान्स घालवला म्हणून मी आतून धास्तावलो होतो. पुढे स्कॉलरशिपसकट निवडीचा मेल आला. मी ओरडलो, "आधी हो कळव!"

तिची आई तिला म्हणाली, "थांब गं. चार दिस वाट बगू दे त्यांना."