सुर्ल्याचा मंगळ

भिजलेल्या कागदाला इस्त्री करू नका. मी करून बघितली आहे. ताईची पत्रिका मुलाकडे दाखवायला न्यायच्या आदल्या दिवशीच माझ्या पिशवीत पाण्याची बाटली सांडली, आणि पत्रिका वाळून पापडासारखी वाकडी झाली. इस्त्रीने काही होईना.

शेजारचे मास्तर म्हणाले, "अरे, पाण्याने कागदाचे तंतू फुगतात आणि वाळताना कुठे कमी, कुठे जास्त आवळतात. परत सगळीकडून सारखा ओला कर आणि वाळेपर्यंत वजनाखाली ठेव."

आम्ही लोखंडाच्या खाणींच्या सुर्ल्याचे, वजनाला काय तोटा! दार आपटू नये म्हणून लावलेला खनिजाचा दगड उचलून ओल्या पत्रिकेवर ठेवला. सकाळी कागद सपाट, पण कुंडलीच्या मधोमध लालभडक डाग.

डिचोलीला मुलाकडचे भटजी चष्मा पुसून म्हणाले, "मुलीला मंगळ लिहिलेला नाही, पण दिसतो मात्र कडक."

बाबा माझ्याकडे बघायला लागले.

मुलाच्या वडिलांनी जन्मभर खाणीच्या लाल धुळीत ट्रक चालवलेला. त्यांनी डाग नखाने खरवडला, बोट बघितलं आणि म्हणाले, "भटजी, हो मंगळ आमच्या सगळ्या शर्टांक आसा. दोन्हीकडे मंगळ, म्हणजे पत्रिका जुळली. चहा आणा."