न वाजवता पास केलेली आठ बटणे

मी, बाजारात बटणवाल्या बाई म्हणून ओळखली जाणारी, वय ५३ वर्षे, धंदा शिंपल्याची बटणे तयार करणे, राहणार घाऊक बाजारामागे, छापखान्याच्या वरचा मजला, आज गुरुवारी सकाळी दहा वाजता पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

वरील मजल्यावरच माझे घर व कारखाना आहे. शिंपल्याच्या चकत्या कापून, भोके पाडून, घासून आम्ही कोटाची बटणे करतो. अकरा बायका कामाला आहेत. जवळजवळ सगळा माल कोट शिवणाऱ्या एकाच कंपनीला जातो. तिचे खरेदी अधिकारी, ज्यांना मी पुढे साहेब म्हणेन, माझ्या एकोणीस वर्षांच्या ओळखीचे आहेत. ते रेल्वेने नऊ तासांवरच्या शहरात असतात. त्यांच्या जागी दुसराच इसम व्हिडिओ कॉलच्या पडद्यावर येऊन बसतो व साहेबांचे काही बरेवाईट झाले आहे, असा माझा संशय आहे.

साहेब पूर्वी दर दोन महिन्यांनी कारखान्यात यायचे. बटण हातात आले की पुढच्या दातांवर टकटक वाजवून बघायचे. खरा शिंपला दातावर खणखणीत वाजतो, प्लास्टिक बद्द वाजते. आमच्या बायकांनी त्यांचे नाव टकटक साहेब ठेवले आहे, ते त्यांनाही माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी कंपनीने प्रवास बंद केले व सगळ्या भेटी व्हिडिओ कॉलवर घ्याव्यात असा हुकूम काढला. तेव्हापासून दर बुधवारी सकाळी अकरा वाजता आमचा कॉल असतो. नमुन्याचे पाकीट मी आधी कुरिअरने पाठवते. ते साहेब माझ्यासमोर फोडायचे, बटण माइकजवळ धरून दातावर वाजवायचे आणि मग काहीतरी खोट काढायचे. खोट काढल्याशिवाय पहिला नमुना त्यांनी जन्मात घेतलेला नाही. पहिली पाच मिनिटे मात्र कामाचे बोलायचे नाही, हा नियमही त्यांचाच. "ताई, समोरासमोर चहा होत नाही, तर निदान एकमेकांना खिडकी तरी दाखवू," असे म्हणायचे. मग मी माझी खिडकी दाखवायची, त्यांनी त्यांची.

चार महिन्यांपासून हे सगळे बदलले. बटण वाजवणे थांबले. मी विचारले तर म्हणाले, "आवाज नाही आला? नेटवर्क असेल." तो आवाज मी एकोणीस वर्षे ऐकला आहे, मला कोणी नेटवर्क शिकवू नये. खिडकी गेली, आल्या आल्या कामाला हात. आवाज वेगळा, शब्द एक आणि ओठ भलतेच, वर सारखा तोंडावर हात. आमच्या पॉलिशवाल्या काकूंचा किस्सा सांगितला, ज्यावर साहेब पोट धरून हसले असते, तर या इसमाने ओठ मिटून नुसती मान हलवली. आणि नमुने सगळे पहिल्याच फटक्यात पास. मला हायसे वाटायला हवे होते, उलट संशयच बळावला. मी भेटायला येते म्हटल्यावर "नको, सध्या नको" म्हणून कॉल तोडला.

माझे जावई संगणकाचे काम करतात. ते म्हणाले, "आई, हल्ली कुणाचाही चेहरा लावून बोलता येतं. ओठ जुळत नसतील तर नक्की काहीतरी काळंबेरं आहे."

म्हणून मी या आठवड्याच्या पाकिटात सात बटणे शिंपल्याची व एक प्लास्टिकचे घातले. दिसायला ते हुबेहूब होते, पण दातावर वाजवले की साहेबांनी तिथल्या तिथे माझी हजेरी घेतली असती. काल बुधवारी समोरच्या इसमाने आठही बटणे तळहातावर घेतली व "छान, आठही पास" असे सांगितले. माझी खात्री पटली. काल दुपारी दोन वाजता मी कंपनीच्या मुख्य कार्यालयाला ईमेल करून प्लास्टिकच्या बटणासह सर्व हकीकत कळवली. साहेबांना कोणी कोंडून ठेवले आहे की काय, या काळजीने आज येथे आले.

येथे हवालदारांनी लिहिणे थांबवले. ते म्हणाले, "बाई, आधी त्या माणसाला गाठू तर." १०.४० वाजता ठाण्याच्या संगणकावरून माझ्यासमोर व्हिडिओ कॉल लावला. तोच इसम दिसला. हवालदार त्याला म्हणाले, "या बाईंचं म्हणणं आहे की तुम्ही तुम्ही नाही."

त्याने माझ्याकडे पाहिले. मग मान वळवून तोंडातून कवळी काढली, वरची आणि खालची, व समोर टेबलावर ठेवली. त्याचे गाल आत गेले. त्यानंतर जो आवाज आला तो बोबडा, पण माझ्या ओळखीचा होता.

"ताई, मीच आहे. सगळे दात काढावे लागले. कवळीवर काही कळत नाही हो, शिंपला काय आणि प्लास्टिक काय, सगळं सारखंच वाजतं."

हवालदार म्हणाले, "मग सांगायचं की सरळ."

"माझी नोकरीच दातांवर होती, हवालदारसाहेब. कंपनीला कळलं तर दुसऱ्या दिवशी मला घरी बसवतील. आणि ताईंना सांगायची तर लाजच वाटली."

वाजवता येत नव्हते तर माल पास कसा केला, असे मी विचारले. ते म्हणाले, "बाकीच्यांची बटणं घरी आणून बायकोकडून वाजवून घेतो. तुमची नाही घेत. तुमच्या पाकिटात काय तपासायचं?"

प्लास्टिकच्या बटणाचे त्यांना माहीत नव्हते. ते मी सांगितले. त्यांनी पाकीट उपडे केले व एकेक बटण गालाला लावून पाहू लागले. शिंपला गालाला गार लागतो. सहाव्या बटणाला थांबले व "हे," एवढेच म्हणाले. ते बरोबर होते. मग मी ईमेलचेही सांगितले. त्यांनी संगणक उचलून खिडकीकडे वळवला. समोरच्या गच्चीवर कोणीतरी चादरी वाळत घालत होते. ठाण्याच्या त्या खोलीला खिडकी नाही, त्यामुळे मला दाखवता आली नाही.

११.२५ वाजता माझ्या मोबाइलवर मुख्य कार्यालयाचे उत्तर आले. सतर्कतेबद्दल माझे आभार मानले आहेत. सदर अधिकाऱ्यांना आजपासून कामावरून कमी केले असून येत्या बुधवारी त्याच वेळी दुसरे अधिकारी कॉलवर येतील, असे त्यात लिहिले आहे. मी लगेच मुख्य कार्यालयाला फोन करून माझी चूक झाली असे सांगितले. बटण प्लास्टिकचे होते की नाही, एवढेच त्यांनी विचारले. हो, होते, असे मी सांगितले.

माझी आता कोणाविरुद्ध तक्रार नाही. नकली माल कोणी पाठवला, असे हवालदारांनी नोंदीसाठी विचारले असता, मी पाठवला असे सांगितले.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. प्लास्टिकच्या बटणाची ओळ खोडावी अशी मी विनंती केली. लिहिलेले खोडता येत नाही, असे त्यांनी सांगितले. बाकी सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे आहे आणि ती ओळही खरी आहे, म्हणून खाली सही करते.