खाऱ्या झुडपांचं खत

(रंगाच्या कारखान्यातली बागकाम विभागाची खोली. दुपार. थोरली बहीण, इथली बिघडलेली जमीन सुधारायचं काम करणारी, उभी, धाकटा भाऊ खुर्ची पुढे सरकवतोय.)

ताई : माझी झुडपं कुठे गेली?

धाकटा : गेली म्हणजे... कापली. तू बस तरी आधी.

ताई : सासूबाईंच्या आजारपणात चार महिने काय गेले, परत येऊन बघते तर कारखान्याच्या कडेचा तो पट्टा चकाचक. तुमच्या रंगाचं सांडपाणी वर्षानुवर्षं मुरून तिथे नुसतं मीठ फुटलेलं. गवताची काडी धरत नव्हती. तिथे तीन वर्षं खपून मी हिरवं केलं होतं.

धाकटा : वरून पाहुणे यायचे होते. मोठ्या साहेबांनी खिडकीतून बघितलं, म्हणाले, हे काय रान माजलंय. बागेचा सुपरवायझर कोण, तर मी.

ताई : आणि तू म्हणालास, लगेच काढतो.

धाकटा : लगेच नाही, सकाळपर्यंत म्हणालो.

ताई : पाटी होती तिथे. हात लावू नये.

धाकटा : हात कुणीच लावला नाही. मशीनने कापली.

ताई : विनोद करू नकोस, थोबाडीत देईन. सुपरवायझर असशील तुझ्या घरी.

धाकटा : अगं, पण झुडपंच ना? पुन्हा लाव.

ताई : कापल्याचं दुःख नाहीये मला. मी आल्यावर कापणारच होते.

धाकटा : मग भांडतेस कशाला?

ताई : ती साधी झुडपं नाहीत. मीठ पचवतात, आणि जमिनीतलं शिसं, कॅडमियम मुळांनी ओढून पानांत साठवतात. जमीन साफ होते ती अशी. कापायची, बंद पोत्यात भरायची, भट्टीत जाळायची आणि राखही सिमेंटच्या टाकीत गाडायची. भट्टीच्या परवानगीचा माझा अर्ज तुमच्याच ऑफिसात नऊ महिने पडलाय. आता सांग, कापलेली कुठे आहेत?

धाकटा : हे मला कधी सांगितलंस?

ताई : दर रविवारी. मी तोंड उघडलं की तू टीव्हीचा आवाज वाढवायचास. कुठे आहेत?

धाकटा : हिरवा कचरा आवाराबाहेर टाकायचा नाही, असं कंपनीचं धोरण आहे. खत केलं. फार सुरेख झालं, काळंभोर. चहापूड वाटावी असं.

ताई : खड्डा दाखव.

धाकटा : खड्डा रिकामा आहे. वर्धापनदिनाला वाटलं. कामगारांच्या क्वार्टर्समध्ये, घरटी एक पोतं. साहेबांच्या हस्ते. फोटो आहेत, टाळ्या वाजवतानाचे.

ताई : किती घरं?

धाकटा : बावन्न.

ताई : तीन वर्षं मी ते विष जमिनीतून थेंबाथेंबाने वर काढलं. तुम्ही ते पोत्यात भरून लोकांच्या परसात पोचवलंत. तेही घरपोच.

धाकटा : मुद्दाम केलं का कुणी?

ताई : मुद्दाम केलं असतं तर एवढं नीट जमलं नसतं तुम्हाला. तुझ्या घरी किती?

धाकटा : दोन पोती. खत आपण बनवलं म्हणून.

ताई : कशाला घातलं?

धाकटा : पालकाला. आमची छोटी पालेभाजीला तोंड लावायची नाही, तुला ठाऊकच आहे. हा पालक तिने स्वतः पेरला. आता रोज मागून खाते.

ताई : रोज?

धाकटा : रोज. ताई, अशी बघू नकोस.

ताई : किती दिवस खातेय?

धाकटा : तीन आठवडे असतील. जास्त होतं का ते?

ताई : रक्त तपासल्याशिवाय कसं सांगू? बावन्न घरांतल्या पोरांचं तपासायला लागेल. ऊठ, आत्ता दारोदार जाऊन सांगायचं.

धाकटा : तसं नाही जाता येणार. साहेबांच्या सहीची नोटीस लागते. ते सोमवारी भेटतील.

ताई : सोमवारपर्यंत बावन्न घरं किती वेळा जेवतील, याचा हिशेब कर आणि मग बस त्या खुर्चीत. मी चालले.

धाकटा : थांब. येतो मी पण. एक फोन करू दे... हॅलो, मीच. छोटी शाळेतून आली का? जेवायला बसली? काय वाढलंस? ...नाही, नंतर सांगतो सगळं. तिच्यापुढचं ताट उचल आधी. ...रडू दे. तू उचल.