सरपंचबाईंचा फोटो

सरपंच कौसाबाई वारल्याचं सकाळीच गावभर झालं. दुसऱ्या दिवशी त्यांचा नवरा रंगनाथ दशक्रियेचा फ्लेक्स छापायला राहात्याच्या एसटीत बसला. पुढच्या सीटवर दोघी बोलत होत्या.

“सरपंचबाई गेल्या म्हनं.”

“कोन, त्या मिशीवाल्या?”

“अगं, तो नवरा!”

“मंग फ्लेक्सवर तोच असायचा की, हार घालून! रिबीनबी तोच कापायचा.”

“सभेत खुर्चीवरबी तोच. बाई आत चहा गाळायच्या.”

“आन सही?”

“तेवढी बाईंची.”

“बघ, दशक्रियेलाबी सोताचाच फोटो लावंल मेला!”

रंगनाथ मोबाईलमधले फोटो चाळत राहिला. कुठे त्याच्या खांद्यामागे पदर, कुठे हाराआड अर्धं कपाळ. राहाता आलं, तरी कौसाबाईंचा चेहरा दिसेल असा एकही फोटो सापडला नव्हता.