पंधरा दिवस सांगितले

नाही हो अक्का, डबा उघडा तुम्ही, निवांत खा — तुमच्या मालकांचा नंबर आमच्यानंतर. आत नेलंय ना, त्या माझ्या सासूबाई, धनकुंवरबाई. आम्ही अमळनेरचे. घास उतरत नाही त्यांना, म्हणून धुळ्याला आणलं, दुर्बीण घालायला. कशी असते? मघाशी ट्रेमध्ये पाहिली ना मी — हातभर लांब, सरळ, पोलादी नळी, टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा दिवा. मान मागे टाकायची आणि तोंडातून थेट अन्ननलिकेत. कुठे अडतंय ते डॉक्टर डोळ्यांनी बघतात. त्यांनी विचारलं, कधीपासून होतंय? हे म्हणाले, पंधरा दिवस. हे म्हणजे आमचे मालक — आता औषधं आणायला गेलेत. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, नक्की ना? दुखणं जुनं असेल तर नळी फार जपून घालावी लागते, नाहीतर आत फाटतं म्हणे. हे म्हणाले, नक्की. त्यांना काय माहीत, दिवसभर पेढीवर असतात.

पंधरा दिवस कुठले — पर्युषणात अठाई केली सासूबाईंनी. आमच्या जैनांत आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहतात, ती अठाई. गाव लोटलं पाया पडायला, बग्गीत बसवून, बँड लावून मिरवणूक काढली आम्ही. आणि खरं सांगू का — त्याआधी महिनाभर भाकरी जात नव्हती त्यांना. आधी दुधात कुस्करून, मग नुसती कढी, तीही छाती चोळत चोळत. कुणी विचारू नये म्हणून तपस्याच धरली. पारण्याला एकेकीने चमचा चमचा मुगाचं पाणी पाजलं, त्यांनी हसून घेतलं, आणि मोरीत येऊन सगळं बाहेर. मोरी मीच धुतली. म्हणाल्या, राजकुंवर, कुणाला बोललीस तर माझी शपथ आहे.

आता शपथेचं म्हणाल तर — शपथ मोडता येते अक्का. पण मिरवणुकीला शिंदखेड्याचे पाहुणे आले होते, माझ्या पुष्पाला बघायला. असल्या तपस्वी घरातली मुलगी डोळे झाकून करतो, म्हणाले. मग मी कुठल्या तोंडाने सांगणार होते, की ती तपस्या नव्हती, दुखणं होतं? म्हटलं, साखरपुडा होऊ दे, मग सांगते. दसऱ्याला साखरपुडा झाला. म्हटलं, दिवाळी होऊ दे. दिवाळीही झाली — त्या ताटावर बसायच्या, मी समोर वाढायचे आणि गुपचूप ताट उचलायचे. दोघींना माहीत, दोघी गप्प.

खायच्या थांबलात का? माझ्याकडे असं बघू नका हो. मी काही त्यांचं वाईट — नाही, केलंच मी वाईट. लेकीच्या सोयरिकीसाठी केलं.

ऐकलंत? मान मागे घ्या म्हणतायत आत. हे अजून कसे आले नाहीत — नाही, यांची वाट नको बघायला, यांच्यासमोर माझी जीभ उचलायची नाही. अक्का, पाय घ्या जरा बाजूला. सरा म्हणते ना, दार वाजवू द्या मला — डॉक्टरसाहेब, नळी घालू नका अजून. पंधरा दिवस नाहीत. चार महिने झाले.