पाहुण्यांसाठी डोंगर

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, बढतीवर निघालेले आमचे साहेब, आणि रुग्णवाहिका नियंत्रण कक्षातल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

साहेबांबद्दल चार चांगले शब्द बोल, असा मला आदेश आहे. शोधून दोन सापडले: वक्तशीर आणि नीटनेटके. वक्तशीरपणाला माझा नमस्कार. नीटनेटकेपणाबद्दल मात्र बोलावंच लागेल.

आम्ही प्रत्येकजण तीन पडद्यांसमोर बसतो. एकावर आलेला फोन, दुसऱ्यावर नकाशा, तिसऱ्यावर गाड्या. या सगळ्या खिडक्या पडद्यांवर आपोआप जागेवर लावणारं सॉफ्टवेअर निवडायचं ठरलं. आमच्या ऑपरेटर ताई म्हणाल्या, "साहेब, दिसायला कसंही असू दे, पण फोनची खिडकी कशाखाली झाकली जायला नको." तशी सोय असलेलं एक होतंही. साहेबांनी नाक मुरडलं. त्यांना आवडलं दुसरंच. एक बटण दाबलं की कक्षातल्या सगळ्या पडद्यांवर मिळून बर्फाच्या डोंगराचं एकच चित्र! बटणाचं नाव 'पाहुणे'. अहो, हा नियंत्रण कक्ष आहे की लग्नाचा हॉल?

मग पाहुणे आले. साहेबांनी केबिनमधून बटण दाबलं. ताईंच्या फोनवर एक सूनबाई रडत होती, सासरे कोसळले होते. पत्ता अर्धा टाइप झाला आणि वर डोंगर बसला. ताई ओरडल्या, "साहेब, डोंगर काढा!" साहेबांनी काचेआडून काय केलं? ओठांवर बोट ठेवलं. पाहुण्यांसमोर आवाज नको!

गाडी उशिरा पोहोचली. आजोबा वाचले, पण त्यांची वाचा गेली. चौकशीत ठरलं, ऑपरेटरचा निष्काळजीपणा. ताई निलंबित होऊन घरी बसल्या आणि साहेब वर चढले. मला किळस येते. सॉफ्टवेअरची नाही, ते बिचारं सांगितलं तेवढंच करतं. त्या बोटाची येते.

अध्यक्ष महोदय, मी ताईंच्या शेजारच्या खुर्चीत होतो. चौकशीला मला कुणी बोलावलंच नाही, म्हणून इथे सांगतोय. लेखी हवं असेल तर आत्ता देतो. ताईंची खुर्ची त्यांना परत मिळणं तुमच्या हातात आहे.

साहेब, आम्ही भेट म्हणून तोच डोंगर फ्रेम करून आणलाय. नव्या केबिनच्या भिंतीवर लावा. तिथे तो कुणाच्या आड येणार नाही.

ऐकून घेतल्याबद्दल सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. आणि साहेब, ते ओठांवरचं बोट आता खाली घ्या. इथे पाहुणे तुम्ही आहात.